पंपाच्या दुधावरून डब्याच्या दुधावर: बाळाचं पोट, आईची छाती आणि फ्रीजरमधला साठा

पंपाने काढलेलं दूध बाटलीतून पिणारं बाळ डब्याच्या दुधावर आणणं तसं सोपं असतं. बाटली ओळखीची, निपल ओळखीचं, आईशिवाय दुसऱ्याच्या हातून प्यायची सवयही झालेली. बदलतं ते फक्त आतलं दूध. घोळ होतो तो वेळेच्या हिशेबात. बाळाचं पोट दोन-तीन आठवड्यांत नव्या दुधाला सरावतं. आईची छाती मात्र तिच्या गतीने आटते, कधी महिना-दीड महिना घेते. ही दोन वेळापत्रकं एकमेकांना बांधली की एकतर बाळाचं पोट बिघडतं, नाहीतर आईच्या छातीत गाठी होतात. दोन्ही सुटी ठेवायची आणि मधली फट फ्रीजरमधल्या साठ्याने भरून काढायची.

म्हणून साठा संपायची वाट पाहू नका. निदान दोन-तीन लिटर दूध शिल्लक असतानाच डबा उघडा. शेवटची पिशवी वितळवून झाल्यावर डबा आणला आणि बाळाने तोंड फिरवलं, तर हाताशी दुसरं काहीच उरत नाही.

आधी ठरवा: पूर्ण बंद की अर्धं-अर्धं

सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईचं दूध आणि पुढे वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून जास्त, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांचाही सल्ला आहे. भारतात १९९२ च्या कायद्याने डब्याच्या दुधाच्या जाहिरातीवर बंदी आहे, डब्यावर बाळाचं चित्र छापता येत नाही आणि आईचं दूधच उत्तम हे ठळक अक्षरांत लिहावं लागतं. निर्णय तुमचा आहे, पण तो दुकानदाराच्या किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून नको. बाळाच्या डॉक्टरांशी एकदा बोला. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल किंवा वजन कमी असेल, तर हे बोलणं टाळूच नका.

बहुतेक घरांत हा प्रश्न रजा संपताना येतो. पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत दूध पाजण्यासाठी दोन सुट्या घेण्याचा हक्कही कायद्याने आहे. या सुट्यांत पंप करता आला, तर सगळं दूध तोडायची गरज नाही. पहाटे आणि रात्री पंप, दिवसा पाळणाघरात डब्याचं दूध, ही रचना महिनोन्महिने चालते. पंप वापरून कंटाळलेल्या आईला आम्ही आधी हेच सुचवतो, कारण दिवसाचं पंपिंग सुटलं की निम्मा ताण तिथेच जातो.

बाळ दहा-अकरा महिन्यांचं असेल, तर डब्याच्या भानगडीत पडण्याआधी साठा मोजा. वर्ष पूर्ण झालं की साधं गायीचं किंवा म्हशीचं दूध चालतं. तोवर साठा आणि उरलेलं पंपिंग पुरत असेल तर डबा लागणारच नाही. वर्षाच्या आत मात्र गायीचं दूध हे मुख्य दूध म्हणून नको, पाणी घालून तर नकोच. त्यात लोह फार कमी असतं, प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला जड जातात, आणि आतड्यातून नकळत थोडं थोडं रक्त जाऊन पंडुरोग वाढू शकतो.

डबा कोणता, किती

गायीच्या दुधापासून बनवलेला, पहिल्या टप्प्याचा साधा फॉर्म्युला (डब्याची दूध पावडर) घ्या. सहा महिन्यांनंतर दुसऱ्या टप्प्याचा डबा लागतोच असं नाही. पहिल्या टप्प्याचं दूध बाळ वर्षाचं होईपर्यंत चालतं. 'लॅक्टोज-फ्री' (दुधातली साखर नसलेला), 'सोया', उलटीसाठीचा घट्ट फॉर्म्युला, हे सगळे प्रकार औषधासारखे आहेत, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणू नका. बाळाला जरा गॅस झाला की कुणीतरी लॅक्टोजचं नाव घेतं. आईच्या दुधात लॅक्टोज भरपूर असतं, साधारण सात टक्के. ते पचवत आलेल्या बाळाला अचानक लॅक्टोज सोसत नाही, असं सहसा होत नाही. अपवाद जुलाबाच्या मोठ्या आजारानंतरचा, आणि तोही तात्पुरता.

४०० ग्रॅमच्या डब्यात साधारण तीन लिटर दूध होतं. दिवसाला ७०० मिली पिणाऱ्या बाळाला एक डबा चार दिवस पुरतो, म्हणजे महिन्याला सात-आठ डबे. घरखर्चाचं गणित आधीच मांडा, कारण डबा पुरवून वापरायचा म्हणून दूध पातळ करणं हा सगळ्यात धोकादायक प्रकार आहे. सुरुवातीला एकच डबा आणा, पण तोच ब्रँड जवळच्या दोन दुकानांत मिळतो ना, हे पाहून.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या डब्याबद्दल विशेष काळजी घ्या. भारतातल्या बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला एक चमचा असा हिशेब असतो, अमेरिकेतल्या बहुतेक डब्यांत ६० मिलीला एक. एका डब्याचा चमचा दुसऱ्या डब्यात गेला की दूध दुप्पट दाट होतं किंवा निम्मं पातळ. चमचा ज्या डब्याचा त्याच डब्यात राहिला पाहिजे, आणि प्रमाण त्याच डब्यावरचं वाचायचं.

दूध बनवणं

१. हात साबणाने धुवा. बाटली, निपल, रिंग सुटी करून ब्रशने घासा आणि पाण्यात पूर्ण बुडवून १० मिनिटं उकळा. निपलच्या आतल्या कडेला चिकट थर बसतो, तिथे बोट फिरवून पाहा. चिकट झालेलं किंवा चिरलेलं निपल फेकून द्या. वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजणार असाल तर उत्तमच. ती भांडी स्वच्छ ठेवायला बाटलीपेक्षा कितीतरी सोपी.

२. पाणी खळखळून उकळा, मग झाकून ठेवा. फिल्टरचं किंवा आरओचं पाणीसुद्धा उकळायचंच. एक लिटर पाणी असेल तर अर्ध्या तासाच्या आत वापरा, तोवर ते ७० अंशांच्या वर असतं. कमी पाणी लवकर निवतं. इतक्या गरम पाण्याची गरज का? पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू असतो आणि तो ७० अंशांना मरतो. दोन महिन्यांच्या आतल्या, दिवसांआधी जन्मलेल्या किंवा अशक्त बाळासाठी हे काटेकोर पाळा. कोमट पाण्यात दूध कालवायची सवय घरोघरी आहे, पण ती चांगली नाही.

३. बाटलीत आधी पाणी, मग पावडर. पाणी मोजताना बाटली ओट्यावर सपाट ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून पाहा. पावडर आधी घातली तर खुणेपर्यंत पाणी कमी बसतं आणि दूध दाट होतं.

४. चमचा भरून सुरीच्या पाठीने सपाट करा. दाबायचं नाही, शीग ठेवायची नाही, अर्धा चमचा घालायचा नाही. ९० मिली पाण्यात तीन चमचे घातले की सुमारे १०० मिली दूध होतं. वाढलेली पातळी पाहून घाबरू नका.

५. बाटली जोरात हलवण्यापेक्षा गोल फिरवा. फेस झाला की हवा पोटात जाते. फेस आलाच तर दोन-चार मिनिटं ठेवून द्या.

६. वाहत्या नळाखाली किंवा गार पाण्याच्या भांड्यात बाटली धरून निववा. मनगटावर थेंब टाकल्यावर कोमट लागला पाहिजे. मायक्रोवेव्ह नको, वरून कोमट वाटणाऱ्या दुधात मध्येच चटका देणारा भाग राहतो.

बनवलेलं दूध दोन तासांत संपवायचं. बाळाने तोंड लावल्यापासून एका तासात. उरलेलं टाकायचं, फ्रीजमध्येही ठेवायचं नाही. न उष्टावलेलं दूध लगेच फ्रीजमध्ये, दाराऐवजी आतल्या बाजूला, ठेवलं तर २४ तास टिकतं. बाहेर जाताना तयार दूध नेऊ नका. मोजलेली पावडर कोरड्या डबीत आणि उकळतं पाणी थर्मासमध्ये न्या. उघडलेला डबा फ्रीजमध्ये ठेवू नका, ओल धरतो. झाकणावर उघडल्याची तारीख लिहा आणि महिन्याच्या आत संपवा.

बाळाला कसं सरावायचं

समजा, बाळ चार महिन्यांचं आहे आणि दिवसातून सहा वेळा १२० मिली पितं. पहिल्या दिवशी फक्त एक पाजणी बदला. वेळ सकाळी दहा-अकराची निवडा, म्हणजे पोट दुखलं, अंगावर पुरळ आलं तर दिवसाउजेडी कळतं आणि दवाखाना उघडा असतो. लस घेतल्याच्या दिवशी, सर्दी-तापात, प्रवासात किंवा पाळणाघराच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करू नका. बाटली, निपल, पाजणारी व्यक्ती आणि जागा तीच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलली की बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळतं.

तीन-चार दिवस तीच एक पाजणी. सगळं ठीक असेल तर दुसरी, मग तिसरी. शक्यतो लागून नको, आलटून पालटून. पहाटेची आणि रात्री झोपतानाची सगळ्यात शेवटी बदला, कारण चिडचिडलेल्या, झोपाळलेल्या बाळाला नवी चव चालत नाही. या गतीने सहा पाजण्यांना अठरा ते चोवीस दिवस लागतात.

बरीच बाळं डब्याचं दूध थेट पितात, मिसळायची गरजच पडत नाही. आधी थेट देऊन पाहा. तोंड वाकडं केलं, जिभेने बाहेर ढकललं, तर मिसळा:

पहिले तीन दिवस आईचं दूध ९० मिली, फॉर्म्युला ३० मिली.
पुढचे तीन दिवस निम्मं-निम्मं, ६० आणि ६०.
त्यापुढचे तीन दिवस आईचं ३०, फॉर्म्युला ९०.
मग पूर्ण फॉर्म्युला.

मिसळण्यात एक चूक हमखास होते: आईच्या दुधातच पावडर टाकली जाते. तसं कधीही करू नका. आईच्या दुधात स्वतःचं पाणी, साखर, क्षार आधीच आहेत. त्यात पावडर पडली की बाळाला क्षारांचा मारा होतो आणि पाणी कमी पडतं. फॉर्म्युला आधी उकळलेल्या पाण्यात पूर्ण प्रमाणात बनवायचा, निववायचा, मग त्यातला हवा तेवढा भाग आईच्या दुधात ओतायचा. आणि मिसळलेलं दूध फॉर्म्युल्याच्याच नियमाने टाकावं लागतं. कष्टाने काढलेलं दूध नाल्यात जाऊ नये म्हणून मिसळलेली बाटली छोटी, ६०-७० मिलीची करा. लागलं तर पुन्हा बनवा.

फ्रीजरचं दूध वापरताना सगळ्यात जुनी तारीख आधी. फ्रीजरला वेगळं दार असेल तर सहा महिन्यांपर्यंतचं दूध चांगलं. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडेच धरा. वितळलेलं दूध फ्रीजमध्ये २४ तास, पुन्हा गोठवायचं नाही. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास चालतं, पण नागपूर-जळगावच्या एप्रिल-मेमध्ये खोली २५ अंशांवर नसते. तेव्हा काढलं की सरळ फ्रीजमध्ये ठेवा. साठवलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो. तो दुधातल्या लायपेज या विकराने चरबी फोडल्यामुळे येतो, दूध खराब झालेलं नसतं. पण बाळ हेच दूध नाकारत असेल, तर मिसळण्यासाठी ताजं वापरा, नाहीतर दोष डब्याला लागेल.

दिवसभरात किती? पहिल्या सहा महिन्यांत दर किलो वजनाला साधारण १५० मिली हा अंदाज, आणि एकूण ९५० मिलीच्या वर सहसा नाही. हा अंदाजच आहे. बाटली संपवायलाच लावू नका. बाळाला जरा उठतं धरा, बाटली आडवी ठेवा, दर ३०-४० मिलीनंतर थांबा, ढेकर काढा. तोंड फिरवलं की पुरे. २४ तासांत सहा किंवा जास्त ओल्या लंगोट्या आणि दर महिन्याला वाढणारं वजन असलं की दूध पुरतंय.

शी बदलणार, ते आधीच माहीत असू द्या

आईच्या दुधावरची शी मोहरीसारखी पिवळी, पातळ, दाणेदार असते. डब्याच्या दुधावर ती घट्ट, तपकिरी किंवा हिरवट होते, वास वाढतो आणि खेपा कमी होतात. हिरवा रंग बहुतेकदा लोहामुळे येतो. पहिला आठवडाभर थोडा गॅस, थोडं कण्हणंही चालेल. बाळ लोहाचे थेंब घेत असेल तर ते पुढे द्यायचे का हे डॉक्टरांना विचारा, कारण फॉर्म्युल्यात लोह घातलेलं असतं. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

खड्यासारखी कोरडी शी झाली तर आधी चमचा तपासा. बद्धकोष्ठतेचं कारण बऱ्याचदा शीग भरलेल्या चमच्यात सापडतं. प्रमाण बरोबर असूनही तीन-चार दिवस त्रास होत असेल तर दवाखाना. घरातली वडीलधारी मंडळी प्रेमापोटीच सांगतात की "जरा पातळ कर, जड जाईल" किंवा उन्हाळा आहे, वर दोन चमचे पाणी पाज. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दोन्ही नको. जादा पाण्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि बाळाला झटके येऊ शकतात. गरमीत पाण्याऐवजी दुधाच्या पाजण्या वाढवा. बाटलीत साखर, बिस्किट, नाचणीचं सत्त्व घालायचं नाही. वर्षाच्या आत मध चाटवायचाही नाही.

या खुणा दिसल्या तर डब्याचं दूध थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा: पिल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत ओठांभोवती गांध्या उठणं, वारंवार उलटी, शीमध्ये रक्त किंवा पुष्कळ शेंब. ही गायीच्या दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते, आणि ती काही बाळांत आठवडाभरानेही दिसते. ब्रँड बदलून ती जात नाही, कारण प्रथिन तेच असतं. श्वास घरघरणं, चेहरा सुजणं, बाळ मलूल पडणं यांत मात्र वाट पाहायचीच नाही, सरळ इस्पितळ गाठा. पांढरट मातकट शीसुद्धा लगेच दाखवा.

आता आईकडे

पंप अचानक बंद करू नका. दिवसाला पाच वेळा पंप होत असेल तर आधी दुपारचा एक वेळ गाळा, तीन-चार दिवस थांबा, छाती मऊ राहिली तर पुढचा. पहाटेचा आणि रात्रीचा शेवटी, कारण रात्रीनंतर दूध जास्त साठतं. वेळ गाळणं जड जात असेल तर मिनिटं कमी करा: वीसचे पंधरा, मग दहा, मग पाच. दोन पंपांमधलं अंतर वाढवत नेलं तरी तेच साधतं. बाळाची पाजणी बदलली म्हणून त्याच दिवशी त्या वेळचा पंप बंद झालाच पाहिजे असं नाही. निघालेलं जादा दूध फ्रीजरमध्ये टाका, तेच पुढे मिसळायला येतं.

छाती दाटली तर हाताने फक्त ताण हलका होईल एवढंच काढा. पूर्ण रिकामी केली की शरीर उद्या तेवढंच बनवतं. पंपानंतर गार कपड्याच्या घड्या ठेवा. गाठ जोरजोरात रगडू नका, आतली सूज वाढते. फडक्याने छाती आवळून बांधायची जुनी पद्धतही सोडा. नीट आधार देणारी, न रुतणारी ब्रा पुरते. शतावरी कल्प, आळिवाची खीर दूध वाढावं म्हणून सुरू असेल तर आता त्याचं काम नाही. दूध आटवायच्या गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून घेऊ नका. रक्तदाब, मानसिक त्रास अशा कारणांनी त्या काहींना चालत नाहीत.

एका बाजूला लाल, गरम, दुखरा चट्टा, १०१ च्या वर ताप, अंग मोडून येणं ही स्तनदाहाची लक्षणं. त्या वेळी पंप बंद करायचा नाही, नेहमीच्या वेळी चालू ठेवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. ते प्रतिजैविक देतील तर पूर्ण संपवा.

शेवटच्या पंपानंतरही कित्येक आठवडे दाबल्यावर थेंब येतात, त्यात काही वावगं नाही. याच काळात संप्रेरकं बदलतात आणि काही जणींना उदास वाटतं, रडू येतं. दोन आठवड्यांवर गेलं, झोप-भूक उडाली, तर डॉक्टरांशी बोला.

आणखी एक गोष्ट दवाखान्यात बऱ्याचदा राहून जाते. बाळ निव्वळ अंगावर पीत असेल, सहा महिन्यांच्या आत असेल आणि पाळी आलेली नसेल, तरच दूध पाजण्याने दिवस राहण्यापासून संरक्षण मिळतं. डब्याचं दूध सुरू झालं की हा भरवसा संपला, पाळी आलेली नसली तरी. गर्भनिरोधनाचं डबा उघडायच्या आठवड्यातच विचारून घ्या.